छिद्राभोवतीचा एक सेंटिमीटर

बाईकखाली डबकं साचलं नव्हतं. पुढच्या चाकामागे, रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात, दोन पात्यांच्या मध्ये तिळाएवढी हिरवट-पांढरी खपली तेवढी दिसली. नखाने खरवडली तर तिचा भुगा झाला. महिनाभर राखीव टाकीतली पातळी हळूहळू खाली जात होती आणि मी दर वेळी थोडं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, ओतून पुढे जात होतो. खपली बघितली आणि उलगडा झाला. गरम रेडिएटरवर कूलंट पाझरत होतं, त्यातलं पाणी तिथल्या तिथे उडून जात होतं आणि मागे रंग नि क्षार उरत होते. रेडिएटर अशा तऱ्हेने महिनोन्‌महिने गळत राहू शकतो आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही.

रेडिएटर हे नाव तसं फसवं आहे. प्रारणाने म्हणजे रेडिएशनने इथून फारच थोडी उष्णता जाते; जवळजवळ सगळी वाराच घेऊन जातो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरमधला वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो, आणि ॲल्युमिनियम वितळतं ६६० अंशांना. इंजिन चाकाला १० किलोवॅट देत असेल, तर जवळपास तितकीच उष्णता कूलंटला सतत बाहेर नेऊन टाकावी लागते. दीड किलोवॅटचे सहा-सात हीटर एकदम चालू ठेवावेत, तेवढी ती उष्णता. ती चटकन वाऱ्याला देता यावी म्हणून रेडिएटरच्या नळ्यांची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ ठेवतात आणि त्यांच्यामध्ये कागदासारखी पाती बसवतात. ही हाव जुनी आहे. १९०१च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीवर विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला होता. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. वाऱ्याला जितकी जास्त जागा द्यावी तितकं गार करणं सोपं, पण त्यासाठी धातू पातळ करावा लागतो. पुढच्या चाकाने उडवलेला खडा नेमका या पातळ धातूवर येऊन आदळतो.

गळतीचा खरा तोटा कूलंट कमी होण्याइतकाच दाब न टिकण्यात आहे. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची एक झडप असते. अनेक बाईकच्या झाकणावर १.१ असा आकडा कोरलेला असतो. आतला दाब हवेच्या दाबापेक्षा १.१ बार (बार हे दाबाचं एकक) जास्त होईपर्यंत ही झडप बंद राहते. त्या दाबाखाली साधं पाणीही १०० ऐवजी १२१ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं पाणी-निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट आणखी सात-आठ अंश वर. छिद्र पडलं की हा दाब धरत नाही. मग टाकीत कूलंट पुरेसं असूनही चढावावर किंवा गर्दीत ते इंजिनातच उकळायला लागतं. वाफेचे बुडबुडे धातूला चिकटले की तिथली उष्णता हलत नाही.

याच दाबामुळे गरम इंजिनावर झाकण उघडणं धोक्याचं आहे. १२० अंशांवरचं द्रव दाब सुटल्याबरोबर उसळून उकळतं आणि चेहऱ्यावर, हातावर येतं. बाईक पूर्ण गार होऊ द्यावी. वरचा होज, म्हणजे रेडिएटरला जोडलेली रबरी नळी, हाताने दाबून बघावा. तो मऊ लागला, तरच झाकणाला हात घालावा.

आता शोध. इथे घाई केली तर चांगल्या रेडिएटरवर लेप लागतो आणि गळती चालूच राहते. वाऱ्याने थेंब मागे आणि खाली वाहत जातात, म्हणून ओल दिसते ती जागा आणि गळतीची जागा क्वचितच एक असते. खपलीच्या रेघेचं वरचं टोक शोधायचं. होजचे क्लॅम्प, ड्रेन बोल्टचा वॉशर, झाकणाचं रबर ही तीन ठिकाणं आधी बघावीत, कारण तिथली दुरुस्ती पान्ह्याच्या एका वेढ्यात किंवा एका वॉशरमध्ये होते. चौथं ठिकाण अनेकांना माहीत नसतं. वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील झिजलं की कूलंट इंजिन ऑइलमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, अशी ती सोय आहे. तिथून थेंब येत असतील तर सील बदलायचं. ते भोक कुणी चिकट लेप लावून बंद केलं, तर तेच कूलंट ऑइलमध्ये जाऊन इंजिनाचं बेअरिंग खाईल.

काही गळत्या फक्त गरम असताना दिसतात. त्याचं अर्धं कारण दाब आणि अर्धं कारण पातळपणा. २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापताना पाण्याची स्निग्धता साडेतीन पटींनी कमी होते, त्यामुळे जी फट गार कूलंटला अडवते, तीच गरम कूलंटला वाट देते. उलट क्लॅम्पजवळची गळती कधीकधी गार असतानाच दिसते. रबर आणि धातू आकसून त्यांच्यात फट पडते आणि इंजिन तापलं की ती मिटते. ‘काल गळत होतं, आज नाही’ असं म्हणणारा माणूस बहुधा खरं सांगत असतो.

माझ्या बाबतीत संशय रेडिएटरवरच होता, म्हणून तो उतरवला. कूलंट रुंद भांड्यात काढून घेतलं, फॅनची वायर सोडवली, बोल्ट काढले. बोल्टखाली रबरी बुश आणि त्यात धातूची बारीक नळी असते, ती जपून ठेवावी. रेडिएटर त्या रबरावर तरंगत बसलेला असतो. नळी हरवून बोल्ट थेट आवळला, तर चौकटीची प्रत्येक थरथर रेडिएटरच्या जोडांवर येते आणि पुढची चीर तिथेच जाते.

उतरवलेला रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवून हवा भरणं ही जागा शोधायची सगळ्यात खात्रीची रीत. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला होजचा तुकडा जोडून सायकलचा पंप. रेडिएटरचं स्वतःचं झाकण लावून ठेवावं आणि राखीव टाकीकडे जाणारी बारीक नळी मोकळी सोडावी. मग चुकून जास्त हवा भरली तरी झडप उघडून ती निघून जाते आणि नळ्या फुगत नाहीत. मी तीन-चार हलके दट्टे दिले. पाण्यात मोत्यांच्या सरीसारखी एक रांग वर आली, तीही खपलीपासून तब्बल चार सेंटिमीटर वरून. दोन पाती चिमट्याने बाजूला वाकवली तेव्हा नळीच्या कडेवर खड्याचा पोचा दिसला. त्याच्या तळाशी सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता.

आता या ठिपक्यावर जोर किती येतो, ते बघू. छिद्र एक मिलिमीटर व्यासाचं धरलं, तरी १.१ बार दाबाने त्यावर येणारा जोर जेमतेम ९ ग्रॅम वजनाइतका भरतो. एवढा जोर कुठलाही लेप सहज सोसेल. पण लेपाची कड नीट चिकटली नसेल, तर कूलंट लेपाखाली पसरत जातं आणि दाब त्या सगळ्या पसरलेल्या जागेवर लागतो. छिद्राभोवती एक सेंटिमीटरपर्यंत ते पसरलं की क्षेत्रफळ ४०० पट होतं आणि लेप उचलणारा जोर होतो साडेतीन किलोचा. म्हणून घरी केलेल्या दुरुस्तीत छिद्र बुजतं की नाही हा प्रश्नच नाही. त्याच्या भोवतीचा एक सेंटिमीटर धातूला धरून राहतो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणूनच महागडा लेप आणून पाच मिनिटांत थापणाऱ्यापेक्षा साधा लेप आणून दोन तास सफाई करणाऱ्याचं काम जास्त टिकतं.

त्या सेंटिमीटरचा पहिला शत्रू म्हणजे ग्लायकॉल. इथिलीन ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे पाणी उडून गेल्यावरही त्याची पुसट साय धातूवर राहते. डोळ्यांना जागा कोरडी दिसते, पण बोट फिरवलं तर किंचित तुळतुळीत लागते. त्या सायीवर लावलेला लेप धातूला चिकटतच नाही, सायीला चिकटतो. ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळतं, म्हणून आधी गरम पाणी आणि साबण, आतून-बाहेरून तीन-चार वेळा. मग रेडिएटर तिरपा ठेवून गरम हवेने वाळवायचा, आणि घाई करायची नाही, कारण बारीक फटीत केशाकर्षणाने धरून ठेवलेला ओलावा तासाभरानेही बाहेर येत राहतो.

यानंतर घासणं. ॲल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत क्षणात ऑक्साइडचं कवच चढवतो, फक्त काही नॅनोमीटर जाडीचं. या ताज्या कवचाशी इपॉक्सीचं, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या लेपाचं, चांगलं जमतं. अडचण असते ती जुन्या, पांढुरक्या, भुसभुशीत थराची. शंभर नंबरच्या आसपासच्या जाड पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत आडवा-उभा घासायचा. त्या ओरखड्यांनी चिकटायला जागाही वाढते. मग स्वच्छ कपड्यावर ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकाच दिशेने पुसायचं, आणि कपड्यावर काळपट डाग येणं थांबेपर्यंत दर वेळी कपड्याची नवी घडी वापरायची. शेवटची परीक्षा शुद्ध पाण्याच्या दोन-चार थेंबांची. थेंब सपाट पसरून एकसंध पापुद्रा झाला, तर धातू स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन बसला, तर अजून तेलकटपणा आहे. माझा पहिला थेंब गोळाच झाला होता. दुसऱ्यांदा घासून पुसल्यावर तो पसरला. मग जागा पुन्हा वाळवून लगेच लेप लावला.

लेप निवडताना डब्यावरचा तापमानाचा आकडा वाचावा. इपॉक्सीचे दोन भाग मिसळले की त्यांचे रेणू एकमेकांना जाळ्यासारखे बांधले जातात, पण हे जाळं एका ठरावीक तापमानाच्या वर काचेसारखं कडक न राहता रबरासारखं ढिलं पडतं. पाच मिनिटांत सुकणारे बरेचसे साधे इपॉक्सी ६० अंशांच्या आसपासच ढिले पडतात आणि रेडिएटर रोज ९०-१०० अंशांना जातो. म्हणून उच्च तापमानाचा, धातूची पूड मिसळलेला प्रकार घ्यावा. पुडीचं खरं काम प्रसरण सांभाळण्याचं आहे. दोन सेंटिमीटरचा लेप ८० अंशांनी तापला की नुसतं इपॉक्सी खालच्या ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे ०.०६ मिलिमीटर जास्त वाढू बघतं. केसाच्या जाडीएवढी ही ओढाताण प्रत्येक फेरीला कडेवर होते. धातूच्या पुडीने ती बरीच कमी होते.

पहिला थर अगदी पातळ, बोटाने किंवा काडीने जोरात चोळून लावायचा, म्हणजे तो ओरखड्यांत उतरतो आणि खाली हवा अडकत नाही. बोटाने लावायचा तर हातमोजे हवेत. कच्चं इपॉक्सी कातडीला चांगलं नाही. याच वेळी रेडिएटरच्या तोंडाला मोठी सिरिंज लावून हलकं ओढलं, तर आतल्या कमी दाबामुळे लेप छिद्रात ओढला जातो आणि आतून त्याला खिळ्याच्या डोक्यासारखी पकड मिळते. तोंडाने मात्र कधीही ओढू नये. त्यावर दुसरा, जाड थर, कडेला उतरता. मग २४ तास हात लावायचा नाही. थंडीत जास्त वेळ द्यावा, कारण तापमान कमी झालं की ही रासायनिक क्रियाही मंदावते.

नळी जास्तच फाटली असेल, तर तिच्याभोवतीची पाती कापून ती नळी दोन्ही बाजूंना पकडीने चेपून, दुमडून कायमची बंद करता येते. पंचवीस नळ्यांतली एक गेली तर गार करण्याची ताकद साधारण चार टक्क्यांनी घटते आणि बाईक ते सहन करते. रेडिएटरच्या कडेची टाकी आणि नळ्या यांच्या जोडावरची चीर मात्र लेपाने टिकत नाही. तिथे थरथर असते. ते काम वेल्डिंगवाल्याचं, किंवा सरळ नवा रेडिएटर. घरी गॅसची ज्योत लावून जोड देण्याच्या मी विरोधात आहे. हे रेडिएटर भट्टीत सुमारे ६०० अंशांना एकदम जोडले जातात. जोडाची मिश्रधातू ५७७ अंशांना वितळू लागते आणि नळीचा धातू त्याच्या थोडाच वर, म्हणून एक छिद्र बुजवताना शेजारचे चार जोड सुटू शकतात. कूलंटमध्ये ओतायची ‘गळतीबंद’ द्रव्यंही मी फक्त रस्त्यात अडकल्यावर घरी पोचण्यापुरतीच मानतो. जो कण छिद्रात अडकतो, तो अरुंद नळीतही अडकतो.

बाईकवर बसवण्याआधी पुन्हा टबात हवेची तपासणी झाली. एकही बुडबुडा आला नाही. नवं कूलंट भरताना नळाचं पाणी मिसळू नये. त्यातली क्लोराइडं ॲल्युमिनियमला आतून खड्डे पाडतात. शुद्ध पाणी हवं, आणि मोटरसायकलसाठीचं कूलंट. झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवलं, बाईक डावी-उजवीकडे कलती केली. बुडबुडे येत राहिले आणि पातळी खाली गेली, तसं भरत गेलो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नये. ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचतात. थोड्याशा चाटण्यानेही मांजर मरू शकतं. मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं, आणि जमिनीवर सांडलेले थेंब भरपूर पाण्याने धुऊन पुसून घेतले.

राखीव टाकीवर गार इंजिनाची पातळी पेनने आखून ठेवली होती. पहिली दोनशे किलोमीटर झाल्यावर सकाळी बघितलं, तर कूलंट रेघेच्या किंचित खाली आलं होतं. आत अडकलेली शेवटची हवा बाहेर पडली की एवढा फरक पडतो. तेवढं भरून नवी रेघ मारली. त्यानंतर पातळी हललेली नाही, आणि पात्यांमधली ती जागा मी दर आठवड्याला टॉर्च लावून बघतो.