पुण्यातील शहरी वनराई

रस्त्याकडेची, बागांमधली, सोसायट्यांच्या आवारातली आणि टेकड्यांवरची झाडे मिळून शहराची वनराई होते. पुण्यात तिचे दोन भाग पडतात. एक, सपाटीवर लावलेली जुनी झाडे: विद्यापीठाचे आवार, एम्प्रेस गार्डन, १८७३ पासूनचे गणेशखिंड उद्यान. दुसरा, वेताळ, पर्वती-पाचगाव, तळजाई या टेकड्यांवरचे रान. दोन्हींचे गुणदोष निराळे आहेत, त्यामुळे नुसती झाडांची संख्या मोजून काही कळत नाही.

सर्वांत जाणवणारा फायदा गारव्याचा. सावलीमुळे डांबर तापत नाही आणि पानांतल्या पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. एप्रिलच्या दुपारी सिग्नलला दुचाकीवाले पांढऱ्या पट्ट्यापर्यंत जातच नाहीत. पट्ट्याच्या अलीकडे, वडाची सावली संपते तिथेच रांग लागते. टेकडीवरची माती मुळांनी धरली की पावसाचे पाणी मुरते. मात्र २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आला तसा पूर झाडांनी अडत नाही, त्यासाठी ओढ्याचे पात्रच मोकळे लागते.

जुन्या झाडाची ढोली हा तर वेगळाच ठेवा. राखी धनेश या पक्ष्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि बारीक फटीतून नर तिला वड-उंबराची फळे भरवतो. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. या रोपांत धनेशाला घर मिळायला कित्येक दशके जातील.

तोटेही खरे आहेत. वळवाच्या वादळात गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाच्या फांद्या मोडून गाड्यांवर पडतात, कधी माणसे दगावतात. यात झाडाइतकाच दोष खोडाला भिडवलेल्या काँक्रीटचा आणि केबलसाठी तोडलेल्या मुळांचा असतो. पाचोळ्याने पावसाळी गटारे तुंबतात आणि तोच पाचोळा जाळला की धूर घरात येतो. ऑक्टोबरमध्ये सातवीण फुलली की तिच्या उग्र वासाने अनेकांचे डोके दुखते. अरुंद रस्त्यावर फांद्यांचे दाट छत झाले, तर वाहनांचा धूर खालीच कोंडतो.

टेकड्यांचे दुखणे आणखी वेगळे आहे. तिथे वन विभागाने गिरिपुष्प भरपूर लावले. मूळ मध्य अमेरिकेचे हे झाड लवकर वाढते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत आणि खडकाळ उतारावरही ते तगते. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर गुलाबी फुले येतात, दिसायला छानच. पण सालई, पांगारा, धावडा आणि कुसळी गवताचा हा मुलूख त्याखाली झाकला जातो. सकाळी फिरायला येणारी माणसे उन्हाळ्यात घरून कॅन भरून आणतात आणि रोपांना पाणी घालतात. ही माया मोलाची आहे. गवताळ माळावर मात्र खड्डे खणू नयेत, कारण चंडोल तिथे जमिनीवरच घरटे करतो.