'सी' सगळीकडे चालते, पण सारखी चालत नाही

'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा पोर्टेबल आहे, म्हणजे तिच्यातला कोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतो, हे आपण सरसकट ऐकतो. सुरुवातीला मात्र तसा कुणाचा आग्रह नव्हता. डेनिस रिची यांनी ती बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ या १६ बिटी यंत्रावर घडवली. खरी कसोटी लागली १९७७च्या सुमारास, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम इंटरडेटा ८/३२ या ३२ बिटी यंत्रावर न्यायचं ठरलं तेव्हा. इंटची (पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकाराची) लांबी वेगळी, बाइट्सचा क्रम उलटा. स्टीव्ह जॉन्सन यांचा पोर्टेबल सी कंपायलर (कंपायलर म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आणि कोडमधल्या खोडी हुडकणारा 'लिंट' हे त्याच काळातले.

१९८३ मध्ये अमेरिकेत एएनएसआय या मानक संस्थेने 'सी'च्या प्रमाणीकरणासाठी समिती नेमली, तोवर नाना यंत्रांवर नाना कंपायलर रुळले होते. कुणालाही मोडीत न काढता १९८९चं प्रमाणक आलं आणि म्हणूनच त्यात बऱ्याच गोष्टी मोकळ्या राहिल्या. इंट किमान १६ बिटी हवा, कमाल कितीही. कॅर (एक अक्षर ठेवणारा प्रकार) ऋण किंमत धरतो की नाही, ते कंपायलरने ठरवावं. माझ्या मते त्या वेळी दुसरा मार्गच नव्हता, पण त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

कॅरचंच घ्या. गेटकॅर या फंक्शनने वाचलेलं अक्षर कॅरमध्ये ठेवायचं आणि ईओएफ (मजकूर संपल्याची खूण, सहसा उणे १) येईपर्यंत लूप फिरवायचा, असा कोड हजारो ठिकाणी सापडेल. इंटेलच्या लिनक्सवर तो थांबतो. एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर, त्याच जीसीसी कंपायलरने, कॅर बिनचिन्ही असतो, म्हणजे ऋण किंमत धरत नाही. उणे १ चे २५५ होतात आणि लूप संपतच नाही. इंटेलवर तरी तो कुठे बरोबर होता? फाइलमध्ये २५५ किमतीचा बाइट आला की वाचन मध्येच बंद. उपाय साधा: व्हेरिएबल इंट ठेवा.

आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सी हे जुनं डॉसवरचं कंपायलर वर्षानुवर्षं ठाण मांडून होतं. इंट २ बाइटचा, व्हॉइड मेन (काहीच न परतवणारं मुख्य फंक्शन), कोनिओ हेडर (प्रमाणकात नसलेली स्क्रीन-कीबोर्डची फंक्शन्स) हीच 'सी' असं पाठ झालेल्यांना लिनक्सवर पहिल्याच दिवशी क्लियर-स्क्रीनचं फंक्शन सापडेना.

पुढे ६४ बिटी यंत्रांवर लाँग या मोठ्या पूर्णांक प्रकाराचे दोन संसार झाले: लिनक्सवर ६४ बिटी, विंडोजवर ३२. नेमक्या लांबीचे पूर्णांक देणारं एसटीडीइंट हेडर सी९९ने (१९९९च्या प्रमाणकाने) आणलं खरं, पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये सी९९चा बराचसा भाग यायला २०१३ उजाडलं.

आता दोर आवळले जाताहेत. जीसीसी १४ने २०२४ मध्ये न घोषित केलेलं फंक्शन वापरणं थेट चूक ठरवलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या सी२३ या प्रमाणकात फंक्शनच्या घोषणेतले रिकामे कंस म्हणजे 'आर्ग्युमेंट नाहीत', आणि बूल (खरं-खोटं ठेवणारा प्रकार) हा राखीव शब्द. जीसीसी १५ कुठलंही प्रमाणक न सांगता चालवला की हेच नियम लावतो, त्यामुळे टाइपडेफने बूल नावाचा स्वतःचा प्रकार बनवलेले जुने प्रकल्प अडखळतात. बिल्डच्या सूचनांमध्ये 'जीएनयू१७' हे आधीचं प्रमाणक स्पष्ट लिहिलं की तात्पुरतं भागतं.