गळा डोक्यातून का जात नाही? टाके सैल बंद करण्यामागची पार्श्वभूमी

दिवाळी सरली आणि साताऱ्यात पहाटे गारठा जाणवू लागला की घरोघरी सुया-लोकर बाहेर निघते. पुढच्या महिनाभरात तीच ती तक्रार कानावर येते: स्वेटर सुरेख झाला, पण बाळाच्या डोक्यातून गळा जाईना. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंटिमीटर असतो. अंगाचे विणकाम तेवढे सहज ताणते. अडते ते शेवटच्या ओळीत, जिथे टाके बंद केलेले असतात.

दोन टाके विणायचे आणि पहिला दुसऱ्यावरून ओढून काढायचा, ही नेहमीची रीत. यात प्रत्येक टाका आडवा पडतो आणि कडेला साखळी तयार होते. खालचे विणकाम कितीही लवचिक असो, साखळी स्वतःच्या लांबीपलीकडे जात नाही. त्यात गळ्याची पट्टी एक सुलट एक उलट असताना शेवटची ओळ सरसकट सुलट विणून बंद करण्याची सवय अनेकींना असते. मग पट्टीच्या मिटलेल्या घड्यांना उघडायला वावच उरत नाही.

लोकर या भागाला नवी नाही. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या विणली जात आली आहेत. पण घोंगडे मागावरचे, वर चिंचोक्याची खळ दिलेले. त्यात ताण हा प्रश्नच येत नाही. दोन सुयांवरचे विणकाम एकोणिसाव्या शतकात मिशनरी मुलींच्या शाळांमधून आणि ब्रिटिश पद्धतीच्या पुस्तकांमधून आपल्याकडे रुजले. त्याच्याबरोबर कपड्यांचे घाटही आले, आणि खरी गोम त्या घाटांत आहे.

बाळंतविड्यातले जुने विणलेले कपडे आठवून पाहावेत. स्वेटर पुढून उघडा आणि बटणांचा, नाहीतर खांद्यावर दोन बटणे असलेला. टोपडे हनुवटीखाली बंदाने बांधायचे. शाळेच्या स्वेटरचा गळा त्रिकोणी. यातल्या कुठल्याच कपड्यात बंद केलेल्या कडेतून डोके जबरदस्तीने घालावे लागत नव्हते. मोजेही घोट्याच्या वरून सुरू होऊन बोटांकडे संपायचे. म्हणजे टाच ज्या कडेतून आत जाते ती टाके घालण्याची कड. टाके घालताना हात सैल ठेवा, एवढी सूचना पुरत असे. बोटांकडचे टाके तर बंद न करता सुईने जोडायचे. त्या जोडीला, म्हणजे किचनर टाक्याला, ज्या ब्रिटिश सेनानीचे नाव आहे तो १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती होता. जोड त्यानेच शोधून काढली या गोष्टीला मात्र आधार नाही. १९६२ च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले, तेही याच वळणाने. त्यामुळे आपल्या आज्या-आयांना सैल बंद करता येत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्या कपड्यांना त्याची गरजच नव्हती.

गरज निर्माण झाली ती दोन गोष्टींनी. बटणे जाऊन गोल गळ्याचे, वरून घालायचे स्वेटर मुलांसाठी रूढ झाले. आणि २००० नंतर इंटरनेटवरून बोटांकडून सुरू होणारा मोजा घराघरांत पोचला. ही दिशा तशी फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन निळे-पांढरे सुती मोजे बोटांकडूनच सुरू केलेले आहेत. लोकर संपेपर्यंत विणत राहता येते म्हणून ती आवडली. पण तिने घोट्यावरची कड शेवटी आणून ठेवली, आणि टाच अडू लागली.

यावर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा उपाय म्हणजे शेवटची ओळ जाड सुईने बंद करणे. शिकवणीच्या वर्गांत तो आजही पहिला सांगतात, आणि वाद इथेच आहे. आधी नंबरांचा गोंधळ. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश नंबरांच्या: नंबर मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर उलट चढतात; तिथे ८ म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० म्हणजे ६. व्हिडिओत ऐकलेले ‘दोन नंबर वरची सुई घ्या’ हे आपल्या सुयांवर शब्दशः पाळले की १० नंबरवरून १२ वर, म्हणजे आणखी बारीक सुईवर येतो आणि गळा आवळतो. मिलिमीटर पाहूनच सुई उचलावी.

सुई बरोबर घेतली तरी मूळ दोष राहतोच. साखळी तीच, फक्त तिच्या कड्या मोठ्या. अस्सल लोकरीला स्वतःची कुरळी घडण असते. ताणली तरी ती मागे येते, त्यामुळे सैल कडही पुन्हा बसते. आज घरोघरी विणतात ते बहुतेक ॲक्रिलिक. ते तितके मागे येत नाही, आणि गरम इस्त्री लागली तर पारच मरगळते. अशा धाग्यावर जाड सुईने बंद केलेली कड काही धुण्यांत लाटांसारखी फाकते. जुन्या लोकरीवर चालून गेलेला उपाय नव्या धाग्यावर तसाच सांगत राहणे मला पटत नाही.

२००९ मध्ये एका कॅनेडियन ऑनलाइन विणकाम नियतकालिकात आलेली रीत मोज्यांसाठी झपाट्याने पसरली. तिच्यात प्रत्येक टाका विणण्याआधी सुईवर धाग्याचा एक वेढा घेतात; सुलट टाक्याआधी नेहमीच्या उलट दिशेने, उलट टाक्याआधी नेहमीसारखा. टाका विणून झाला की तो वेढा त्याच्यावरून काढायचा, मग मागचा टाका काढायचा. प्रत्येक टाक्यामागे जादा धागा कडेत साठतो, आणि ताण आला की तोच सुटतो. मोज्याच्या घोट्याला ही रीत अप्रतिम. पण लोकर जास्त खाते, आणि जिथे फार ताण नाही तिथे कड फुलते, म्हणून बाळाच्या गळ्याला मी ती सुचवणार नाही.

गळ्यासाठी १९७० च्या दशकात प्रचारात आलेली शिवून बंद करण्याची रीत उजवी आहे. कडेच्या लांबीच्या तिप्पट धागा ठेवून तोडायचा आणि बोथट सुईत ओवायचा. पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे सुई न्यायची, धागा ओढायचा. मग फक्त पहिल्या टाक्यातून डावीकडून उजवीकडे परत यायचे आणि तो सुईवरून सोडायचा. साखळी तयारच होत नाही, त्यामुळे अडवणारे काही उरत नाही. धागा प्रत्येक टाक्याला सारखा ओढणे एवढेच जपावे लागते. शालीच्या लांब कडेला ती नको. इतका लांब धागा दर टाक्यातून घासत जाऊन ॲक्रिलिकचे पीळ सुटतात. तिथे दोन टाके मागून एकत्र सुलट विणून आलेला टाका परत डाव्या सुईवर ठेवायचा, ही सोपी रीत बरी.