शाळेच्या टॅबवरील रात्रीचे लॉक : शाळा व पालकांसाठी माहितीपत्रक

शाळेने विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी दिलेले टॅब रात्री ठराविक वेळेनंतर आपोआप बंद होतील, अशी व्यवस्था आम्ही शाळांना बसवून देतो. हे लॉक काय करते, कुठे कमी पडते आणि ते सुरू करण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे, याची माहिती येथे दिली आहे.

लॉकची वेळ

बहुतेक शाळा आमच्याकडे सरसकट रात्री दहाची वेळ मागतात. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश दिले, त्यामागेही मुलांची अपुरी झोप हेच कारण होते. पण पाचवीपासून पुढे अनेक ठिकाणी सकाळचे सत्र सातलाच भरते. त्यासाठी सहाला उठणाऱ्या सहावीतल्या मुलाने रात्री नऊला झोपायला हवे, आणि त्याच्यासाठी दहाचे लॉक म्हणजे नुसता देखावा आहे. म्हणून पाचवी ते सातवीसाठी साडेआठ आणि आठवी ते दहावीसाठी साडेनऊ, अशा दोन वेळा ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

गृहपाठाची मुदत

आमच्या मते लॉकपेक्षाही महत्त्वाची गोष्ट हीच आहे. गूगल क्लासरूममध्ये शिक्षकांनी मुदतीची केवळ तारीख टाकली आणि वेळ टाकली नाही, तर रात्री ११.५९ ही वेळ आपोआप धरली जाते. टॅब साडेनऊला बंद आणि मुदत मात्र जवळपास मध्यरात्रीपर्यंत, असे झाले की मूल वडिलांचा फोन घेऊन बसते आणि ज्या जागरणासाठी लॉक बसवले, ते जागरण दुसऱ्या पडद्यावर सुरू राहते. त्यामुळे सर्व विषयांची मुदत लॉकच्या किमान एक तास आधीची ठेवावी, असा निर्णय शाळेने शिक्षकांच्या बैठकीत आधी घ्यावा आणि मगच आम्हाला लॉक सुरू करण्यास कळवावे.

लॉक सुरू झाल्यावर

वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पडद्यावर सूचना येते, म्हणजे हातातले काम जतन करता येते. त्यानंतर गजराखेरीज काहीही उघडत नाही. ई-बालभारतीवरून उतरवून घेतलेली पाठ्यपुस्तके तरी उघडी ठेवा, अशी विनंती वारंवार येते. परंतु छापील पुस्तक दप्तरात असतेच, म्हणून आम्ही ती मान्य करत नाही. टॅब पूर्ण बंद होत नसल्याने चार्जिंग आणि अपडेट रात्रीतून होऊ शकतात; तो बाहेरच्या खोलीत वायफायच्या टप्प्यात चार्जिंगला लावून ठेवावा. वेळापत्रक टॅबमध्येच साठवलेले असल्याने इंटरनेट नसले तरी लॉक लागते. शाळेने वेळ बदलली असेल, तर मात्र टॅब एकदा इंटरनेटला जोडल्याशिवाय नवी वेळ लागू होत नाही.

पालकांच्या फोनमधील फॅमिली लिंक अ‍ॅपने हे लॉक बदलता येत नाही, कारण शाळेने दिलेले खाते त्या अ‍ॅपच्या देखरेखीखाली येत नाही.

शाळेच्या संगणक विभागासाठी

वेळापत्रक स्वतः भरणार असाल, तर प्रणाली कोणती प्रमाणवेळ धरते ते पाहून घ्यावे. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने तिथे रात्री १० लिहिले, तर टॅब पहाटे ३.३० ला बंद होईल आणि मुलांना त्याचा अर्थातच काही त्रास होणार नाही. तारीख व वेळ बदलण्याची सोय विद्यार्थ्यांसाठी बंद ठेवावी. तसे न केल्यास घड्याळ मागे करून लॉक चुकवता येते. क्रोमबुक असल्यास ‘डिव्हाइस ऑफ अवर्स’ या नावावर जाऊ नये: त्या वेळेत क्रोमबुक बंद होत नाही, उलट लॉगिनवरील शाळेची बंधने उठतात.

सवलत आणि नोंदी

ज्या घरी वडिलांच्या फोनच्या हॉटस्पॉटवरच टॅब चालतो आणि ते दुसऱ्या पाळीवरून रात्री उशिरा परततात, तिथे साडेआठची वेळ अन्यायाची ठरते. अशा विद्यार्थ्यांसाठी काम शाळेतच टॅबवर उतरवून देणे आणि ते दुसऱ्या दिवशी शाळेत जमा करून घेणे हा उत्तम मार्ग आहे. तो शक्य नसेल, तर मुख्याध्यापकांच्या लेखी पत्रावर आम्ही त्या एका टॅबची वेळ बदलून देतो. पालकांनी यासाठी थेट आमच्याकडे न येता वर्गशिक्षकांकडे अर्ज द्यावा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, म्हणून लॉक सुरू करण्यापूर्वी शाळेमार्फत पालकांचे संमतीपत्र घेतले जाते. लॉकची वेळ आणि टॅब शेवटचा कधी जोडला गेला, एवढीच नोंद आम्ही ठेवतो. विद्यार्थ्याने शाळा सोडली की टॅब जमा झाल्याच्या पावतीवर ही नोंद पुसली जाते; टॅब कुटुंबाला कायमचा दिला जाणार असेल, तर दाखला देण्यापूर्वी तो आमच्याकडे पाठवावा, म्हणजे लॉक काढून देता येईल.