एक्झिट नोडच्या तक्रारी: मागची गोष्ट

स्पॅम आला, घुसखोरी झाली तर कळवायचं कुणाला? १९९७ साली आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या रीतिनियमांच्या दस्तऐवजाने त्यासाठी रीत घालून दिली: प्रत्येक नेटवर्कने ‘अब्यूज’ (गैरवापर) नावाचा ईमेल पत्ता ठेवावा. आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखायचा क्रमांक) ज्याचा, जबाबदारी त्याची, हे त्यात धरलेलंच होतं.

त्याच दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ‘ऑनियन राउटिंग’, म्हणजे संदेश अनेक संगणकांमधून फिरवून पाठवणाऱ्याची ओळख लपवायचं तंत्र, आकाराला येत होतं. त्यातून २००२ मध्ये टॉर हे स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणारं नेटवर्क सुरू झालं. टॉरमधून जाणाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाला दिसत नाही. दिसतो तो वाटेतल्या शेवटच्या संगणकाचा, म्हणजे एक्झिट नोडचा. कुणी सिनेमा चोरून उतरवला किंवा कुणाचं खातं फोडायला गेला, की तक्रार होस्टिंग कंपनीकडून (सर्व्हर भाड्याने देणारी) नोड चालवणाऱ्याच्या दारात. मूळ माणूस कोण, हे त्यालाही माहीत नसतं.

टॉरवाल्यांनी यावर हळूहळू तोडगे काढले. स्पॅम ज्यातून जातो तो पोर्ट २५ (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार) मुळातच बंद ठेवला. टोरंटचे, म्हणजे सिनेमे वगैरे उतरवायच्या पद्धतीचे, पोर्ट गाळणारं मर्यादित धोरण आलं. नोडचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर ‘हा टॉरचा एक्झिट आहे’ असं सांगणारं पान लावायची पद्धत पडली. अमुक दिवशी अमुक पत्ता टॉरचा होता का, हे ‘एक्झोनरेटर’वर कुणालाही, पोलिसांनाही, तपासता येतं. माझ्या मते हे सगळ्यांत मोलाचं काम.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर वाहणाऱ्या किंवा ठेवणाऱ्याला, सशर्त संरक्षण देतं. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने मजकूर हटवण्यासाठी न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश लागतो, असं स्पष्ट केलं. पण एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएस (भाड्याचे आभासी सर्व्हर) देणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं आणि लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायला सांगितलं. भाड्याच्या सर्व्हरमागचं नाव आता सहज सापडतं, मग घरच्या जोडणीमागचं तर सापडणारच.

म्हणून नागपुरात धरमपेठेत काय नि मानेवाड्यात काय, घरच्या ब्रॉडबँडवर एक्झिट लावूच नये. कलम ७९ चा युक्तिवाद पुढे कोर्टात होईल. त्याआधी सायबर पोलीस त्या पत्त्याचा ग्राहक शोधतात, आणि ती जोडणी निघते बहुधा आई-वडिलांच्या नावावर. मॉस्कोत २०१७ मध्ये घरून एक्झिट चालवणाऱ्या गणिताच्या शिक्षकाला अटक झाली, आणि आरोप मागे घ्यायला पुढचं वर्ष उजाडलं. मदत करायची तळमळ असेल तर मधला रिले (वाटेत संदेश फक्त पुढे ढकलणारा संगणक) चालवा. संकेतस्थळांना त्याचा पत्ता दिसत नाही. एक्झिटच हवा असेल, तर तशी लेखी परवानगी देणाऱ्या कंपनीकडे वेगळा सर्व्हर घ्या आणि तक्रारीचं उत्तर आधीच लिहून ठेवा.