मेसेज आल्याचं दिसू दे, मजकूर नको

लॉक स्क्रीनवरच्या नोटिफिकेशनबद्दल आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुरुस्तीला आलेला फोन आम्ही काउंटरमागच्या टेबलावर, रबरी मॅटवर ठेवतो. गेल्या पावसाळ्यात एका ताईंचा फोन असाच पाळीची वाट बघत पडला होता. चार्जिंगची पिन ढिली झाली होती, एवढंच काम. फोनला लॉक होतं. पासवर्ड आम्हाला माहीत नव्हता आणि या कामाला तो लागणारही नव्हता. तरी तासाभरात त्या लॉक केलेल्या फोनवर एकामागून एक उमटत गेलं: पॅथॉलॉजी लॅबचा मेसेज, तपासणीच्या नावासकट, बँकेचा, खात्यातून किती गेले आणि किती उरले, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या सुटण्याची वेळ बदलल्याचा, आणि मग एक सहा आकडी ओटीपी. आम्ही फोन पालथा घातला. ताई न्यायला आल्या तेव्हा त्यांना ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "पण फोनला लॉक होतं ना?"

हे पत्रक त्या प्रश्नासाठी छापलं आहे. लॉक फोन उघडू देत नाही. पण फोनच्या दारावर काय लिहून ठेवायचं, हे वेगळ्या सेटिंगवर ठरतं. ते सेटिंग बहुतेकांनी कधी बघितलेलंच नसतं. नवा फोन सुरू करताना आपण पाच-सहा वेळा 'पुढे', 'पुढे' असं दाबत जातो, आणि त्यातच 'सगळा मजकूर दाखवा' हे मान्य होऊन जातं.

लॉक स्क्रीनवर मेसेज दिसणं वाईट आहे, असं आमचं म्हणणं नाही. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत ही सोय आली तेव्हा ती सगळ्यांना आवडली, कारण ती खरोखर उपयोगाची आहे. रिक्षावाले दादा हँडलवर फोन लावतात, त्यांना पुढचं भाडं नजरेच्या टप्प्यात लागतं. दवाखान्यात बसलेल्या माणसाला घरून मेसेज आला का, ते फोन न उघडता कळायला हवं. म्हणून 'सगळं बंद करा' असा सल्ला आम्ही देत नाही. तो सल्ला कोणी पाळत नाही. दोन दिवस त्रास सोसून माणूस सगळं परत चालू करतो आणि आधीपेक्षा जास्त उघडा पडतो.

मधला मार्ग फोनमध्येच आहे. मेसेज आला हे दिसतं, तो कोणत्या ॲपचा हेही दिसतं, पण आतली अक्षरं लॉक उघडल्यावरच दिसतात. आमचा आग्रह एवढ्यापुरताच आहे.

ओटीपी आणि फोनच्या कव्हरमधलं कार्ड

दिवसभरात आम्ही कितीतरी फोनची कव्हरं काढतो. पुस्तकासारखं उघडणारं फ्लिप कव्हर असलं, की त्याच्या कप्प्यात हमखास काहीतरी सापडतं: घडी घातलेली शंभराची नोट, देवाचा छोटा फोटो, आधार कार्ड आणि डेबिट कार्ड. हातात पर्स नको, सगळं एका जागी, हे आम्हाला समजतं. पण जरा हिशोब करून बघा.

कार्डावरून ऑनलाइन खरेदी करायला चार गोष्टी लागतात: कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे आणि ओटीपी. पहिल्या तीन कार्डावरच छापलेल्या असतात. चौथी तुमच्या फोनवर येते, आणि लॉक स्क्रीनवर मजकूर दिसत असेल तर फोन न उघडताही वाचता येते. म्हणजे सातारा स्टँडवर स्वारगेटच्या गाडीच्या गर्दीत तो फोन कव्हरसकट गेला, तर चोराच्या हातात चारही गोष्टी एकत्र जातात. फोनला पॅटर्न आहे की बोटाचा ठसा, याने काही फरक पडत नाही. त्याला फोन उघडायचाच नाही.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं असंच झालं. फोन गेल्याचं त्यांना घरी पोचल्यावर कळलं. तोवर दोन खरेद्या होऊन गेल्या होत्या. फोनचं लॉक शेवटपर्यंत कोणी उघडलंच नव्हतं.

म्हणून दोन कामं आजच करा. मेसेजच्या ॲपचा मजकूर लॉक स्क्रीनवरून लपवा, आणि कार्ड कव्हरमधून काढून दुसरीकडे ठेवा. कार्डावर वायफायसारखं आडव्या लाटांचं चिन्ह असेल तर दुसरं काम आणखी निकडीचं. अशा कार्डावर नुसतं टेकवून, पिन न घालता पैसे देण्याची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आहे. टॅपची सोय वापरत नसाल तर ती बँकेच्या ॲपमधून बंद करता येते.

सेटिंग कुठे असतं

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशन्स उघडा. फोन मराठीत असेल तर तिथे 'सूचना' लिहिलेलं असेल. त्यात लॉक स्क्रीनचा भाग असतो आणि साधारण तीन पर्याय मिळतात: सगळा मजकूर दाखवा, मजकूर लपवा, किंवा काहीच दाखवू नका. मधला निवडा. काही फोनमध्ये 'संवेदनशील सूचना' किंवा 'सेन्सिटिव्ह नोटिफिकेशन्स' नावाचं बटण असतं, ते बंद करायचं. कंपनी बदलली की या गोष्टींची जागा बदलते. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधाच्या पट्टीत 'लॉक स्क्रीन' लिहा, फोन स्वतःच तिथे नेतो.

हा पर्याय दिसत नसेल, तर तुमच्या फोनला लॉकच नाही असं समजा. बोट सरकवून उघडणाऱ्या फोनवर लपवण्याला अर्थ नसतो. आधी पिन किंवा पॅटर्न लावा.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, शो प्रिव्ह्यूज. तिथे नेहमी, अनलॉक असताना आणि कधीच नाही, असे तीन पर्याय आहेत. 'अनलॉक असताना' ठेवा. २०१७ च्या आयफोन एक्सपासून चेहरा ओळखणाऱ्या आयफोनवर कंपनी हाच पर्याय लावून देते. तुम्ही फोनकडे बघितलं की अक्षरं उमटतात, दुसऱ्याने बघितलं तर नाही. सोय आणि सुरक्षितता यांचा इतका नेमका मेळ आम्ही दुसरीकडे कमी बघितला आहे. अंगठ्याच्या बटणाचा जुना आयफोन असेल तर हे सेटिंग हाताने बदलावं लागतं. सेकंडहँड आयफोन घेतला असेल तर जरूर तपासा.

सगळ्या ॲपना एकच नियम लावायचीही गरज नाही. आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर प्रत्येक ॲपचं वेगळं ठरवता येतं. आमच्या मते मेसेज, व्हॉट्सॲप, ईमेल आणि बँकेची ॲप यांचा मजकूर लपवावा. कॅलेंडर, हवामान, गजर, क्रिकेटचा स्कोर, नकाशा हे उघडं राहिलं तरी कोणाचं काही जात नाही. खरेदीच्या आणि खेळांच्या ॲपची नोटिफिकेशन मात्र सरळ बंदच करा. दिवसाला तीसेक जाहिराती वाजत असल्या, की ज्या दिवशी बँकेचा खरा इशारा येतो त्या दिवशी तो वाचला जात नाही. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नवं ॲप नोटिफिकेशन पाठवण्याआधी परवानगी विचारतं. तिथे 'नाही' म्हटलं तरी ॲप चालतं.

बोट लागत नाही, मग काय?

मजकूर लपवल्यावर दुसऱ्या दिवशी एक तक्रार ठरलेली असते, आणि ती रास्त आहे. दारात गॅसवाला उभा असतो, सिलिंडर देण्याआधी कोड मागतो. आजींच्या एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात फोन, आणि फोन काही बोट घेत नाही. शेतात काम करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, चुन्या-सिमेंटात हात घालणाऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ओलं बोटही फोन ओळखत नाही.

त्याला उपाय आहे. एकच बोट दोनदा नोंदवा, एकदा सरळ आणि एकदा जरा तिरकं धरून. दुसऱ्या हाताचं एक बोट नोंदवा. कामाच्या हाताच्या अंगठ्यापेक्षा डाव्या हाताची करंगळी पुष्कळदा चांगली चालते. काचेच्या आतला सेन्सर असेल आणि तुम्ही नंतर जाड स्क्रीनगार्ड लावला असेल, तर जुने ठसे काढून नव्याने नोंदवा. हे आम्ही दुकानात रोज करतो आणि दहांतल्या बहुतेकांचं काम तेवढ्याने होतं. तरीही जमत नसेल तर लक्षात राहील असा सहा आकडी पिन ठेवा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको.

स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये चेहऱ्याने उघडण्याची सोय नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालते. सख्ख्या भावाच्या चेहऱ्याने असा फोन उघडलेला आम्ही बघितला आहे. अशा फोनवर बोटाचा ठसा बरा.

लपवूनही न लपणारं

नुसता मजकूर लपवला की झालं, असं आम्ही म्हणालो तर ती तुमची फसवणूक होईल.

पहिली गोष्ट सिमची. चोराने तुमचं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं, की पुढचे सगळे ओटीपी त्या फोनवर येतात. त्यासाठी सिमलाच पिन लावता येतो. तो लावला की सिम दुसरीकडे घातल्यावर आधी पिन मागतं. पण हे घरी घाईने करू नका. कंपनीचा मूळ पिन माहीत नसताना तीनदा चुकीचा आकडा टाकला तर सिम अडकतं आणि पीयूके कोड, म्हणजे अडकलेलं सिम सोडवायचा आकडा, मागतं. तोही दहा वेळा चुकला तर ते सिम कायमचं बाद होतं. आधी सिम कंपनीला मूळ पिन विचारा, मग बदला.

दुसरी गोष्ट फोन कॉलची. लॉक असलेल्या फोनवरही आलेला कॉल उचलता येतो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करताना कोड मेसेजऐवजी कॉलवरूनही मागवता येतो, आणि कॉलवरचा कोड कुठल्याच सेटिंगने लपत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन आहे. तिथे स्वतःचा सहा आकडी पिन लावा, म्हणजे नुसत्या कोडवर तुमचं खातं दुसऱ्याच्या फोनवर सुरू होणार नाही.

तिसरी गोष्ट फोनच्या आतल्या चोराची. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवायची फाइल, येते. ती उघडून इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी मागते. ती एकदा दिली, की लॉक स्क्रीनवर काय दिसतं याला काही अर्थ उरत नाही. पत्रिका फोटो म्हणून किंवा पीडीएफ म्हणून येते. ती ॲप म्हणून कधीच येत नाही. तुमच्या नोटिफिकेशन वाचायची परवानगी आधी कोणकोणत्या ॲपना देऊन बसला आहात ते बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन ॲक्सेस' शोधा. स्मार्ट घड्याळाचं ॲप तिथे असणार, त्यात गैर नाही. टॉर्चचं किंवा कर्जाचं ॲप तिथे दिसलं तर लगेच काढून टाका. घड्याळावरही ओटीपी उमटतो, हे मात्र घड्याळ टेबलावर काढून ठेवताना ध्यानात असू द्या.

लॉक स्क्रीनवर जे असायलाच हवं

काही गोष्टी उघड्या असलेल्याच बऱ्या. अपघात झाला, भोवळ आली, तर लोक आधी तुमचा फोन हातात घेतात. अँड्रॉइडमध्ये इमर्जन्सी माहिती आणि आयफोनमध्ये मेडिकल आयडी भरून ठेवता येतो: रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. लॉक न उघडता ती माहिती 'इमर्जन्सी'वर दाबून दिसते. घरात मधुमेहाचं किंवा हृदयविकाराचं माणूस असेल तर आज संध्याकाळीच त्यांच्या फोनमध्ये हे भरा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लॉक स्क्रीनवर एक ओळही लिहिता येते. तिथे 'सापडल्यास संपर्क' आणि घरातल्या दुसऱ्याचा नंबर लिहा, स्वतःचा नको. हरवलेला फोन तोच असतो.

फोन गेलाच तर

आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. दोन्ही दुसऱ्या फोनवरून, शक्यतो त्याच तासात. बँकेचा हेल्पलाइन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर त्या वेळी उपयोगाचा नसतो. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

त्यानंतर पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत घ्या. संचार साथी या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून चोरीचा फोन आयएमईआय नंबरवरून, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, देशभर बंद करता येतो. त्यासाठी ही प्रत लागते आणि त्याच नंबरचं नवं सिमही, कारण तिथेही ओटीपी येतो. आयएमईआय तुमच्या बिलावर आणि खोक्यावर छापलेला असतो. दोन्ही हरवलं असेल तर आत्ताच *#०६# डायल करा, समोर येणारा आकडा वहीत उतरवून ठेवा.

दुकानात आलात तर

वरची सगळी सेटिंग्ज आम्ही काउंटरवर तुमच्यासमोर करून देतो, पाच-सात मिनिटांत. फोन आमच्याकडून घेतलेला असो वा नसो, त्याचे पैसे घेत नाही. दुरुस्तीला फोन देतानाही आधी मजकूर लपवून मगच तो आत घेतो. गरज नसेल तिथे सिम तुम्हाला काढून देतो. पिन किंवा पॅटर्न आम्हाला सांगू नका आणि चिठ्ठीवर लिहूनही देऊ नका. लागेल तेव्हा आम्ही फोन तुमच्यापुढे धरू आणि मान वळवू, तुम्ही स्वतः टाका.