थंडी मोजणारा गड्डा

भुसावळहून बहिणीचा फोटो आला. गेल्या वर्षी कुंडीतल्या होस्टाला, म्हणजे देखण्या पानांसाठी लावतात त्या झाडाला, तळहाताएवढी ठसठशीत शिरांची पानं होती; यंदा करंगळीएवढी चारच. ‘गांडूळखत घातलं, तरी असं का?’ खत पुरेसं आहे गं, थंडी कमी पडली.

होस्टा मूळचा जपान-कोरिया-चीनचा. हिवाळ्यात पानं गळतात, गड्डा जमिनीत झोपतो. त्याचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, नीट जागे व्हायला 5 अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे सलग लागते. खान्देशात पहाटे शेकोटी पेटते खरी, पण दुपारी पारा पुन्हा तिशीला टेकतो.

झाड थंडी मोजतं कसं? हे बारकाईनं तपासलं गेलं ते पॉप्लर-बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांच्या डोळ्यांत, आणि मला ते फार देखणं वाटतं. शेजारच्या पेशींना जोडणारे सूक्ष्म बोगदे असतात. दिवस लहान झाले की ॲबसिसिक आम्ल हे झाडातलं संप्रेरक वाढतं आणि बोगद्यांच्या तोंडाशी कॅलोज साचतं. कॅलोज म्हणजे ग्लुकोजचेच मणी ओवलेली माळ. बोगद्याला बूच बसलं, की वाढीचा निरोप आत पोचत नाही. मग पाणी द्या, ऊब द्या, डोळा हलत नाही. थंडी लांबली की कॅलोज तोडणारी विकरं कामाला लागतात, बुचं विरघळतात. जानेवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी झाड फसत नाही ते यामुळे.

जपानात होस्टाचे वसंतातले गुंडाळलेले कोंब ‘उरुई’ म्हणून उकडून खातात. किंचित बुळबुळीत लागतात. पण तिथल्या रानात त्याच्यासारखंच दिसणारं विषारी व्हेराट्रम उगवतं आणि लोकांना विषबाधा होते, म्हणून खात्रीचं रोपच खावं. कुत्र्या-मांजरांना तर होस्टाही बाधतो.

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ‘गडद निळ्या होस्टाच्या बिया’ घेऊ नका. पानाची निळसर झाक वरच्या मेणाची असते, बोटानं पुसली जाते. शिवाय बियांतून तीच जात उतरत नाही.

सातपुड्यातली फोडशी ही रानभाजी होस्टाच्याच कुळातली. ती थंडीऐवजी उन्हाळा जमिनीखाली झोपून काढते आणि पहिल्या पावसात वर येते. तिची भाजी चवीनं खावी. तिच्या भावंडाला, सफेद मुसळीला, ‘मर्दानी ताकदीची पूड’ म्हणून विकणाऱ्यांमुळे रानं उकरली गेली.

बहिणीला सांगितलंय: डिसेंबरात गड्डा काढ, ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळून दीड-दोन महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव. शेजारी सफरचंद नको, त्यातला इथिलीन वायू डोळे बिघडवतो.